अण्णा बाहेर जेवतात

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एक नियम आहे. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही. त्यांच्या सासऱ्यांनी तो पाळला आणि माझा थोरला भाऊ जन्मला तेव्हाच आमच्या घरी पहिला घास घेतला. अण्णाही पाळतात. माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मला मूल नाही, आता होणारही नाही, आणि अण्णा माझ्या घरी कधी जेवलेले नाहीत. हे मी इतकं सरळ सांगतेय कारण आडवळणं घ्यायची सवय राहिलेली नाही. लग्न करून पुण्यात आले आणि होती नव्हती ती भीड इथल्या दुकानदारांनी काढून घेतली.

एरवी ते निभून जायचं. अण्णा एसटीचे ड्रायव्हर, आता रिटायर होऊन गावी भावाकडे असतात. सकाळच्या गाडीने यायचे, सोफ्याच्या कडेला टेकायचे, मी पुढे केलेल्या लाडवाकडे बघून "ठेव, ठेव" म्हणायचे आणि दुपारच्या गाडीने परत. स्वारगेटला वडापाव खाऊन. मी गॅलरीतून हात हलवायचे आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायचे.

पण या उन्हाळ्यात अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर पुण्याचा. आधी एक डोळा, मग थोडं थांबून दुसरा. म्हणजे चांगला महिन्याभराचा मुक्काम, तोही धायरीत, माझ्याच घरी. मी शाळेत गणित शिकवते, सुट्टीच होती. अण्णा पिशवी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"महिनाभर उपाशी राहणार का?"

"उपाशी कशापायी? एवढं मोठं पुणं हाय."

"आणि पाणी?"

इथे मात्र ते विचारात पडले. "पानी कुठनं येतं तुमच्यात?"

"खडकवासल्याहून."

"मग ते धरणाचं. तुजं न्हाय."

पाणी पास झालं. चहा नापास, कारण साखर माझ्या डब्यातली. केळं नापास. औषधाची गोळी पास, कारण ती डॉक्टरची. माझा नवरा खडकीला नोकरीला आहे आणि स्वभावाने अत्यंत गरीब, पण त्यानेही मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या वडिलांना वकील व्हायचं होतं का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! मग ठरलं. अण्णा बाहेर जेवणार, आणि त्यांना एकट्याला कुठे सोडायचं, म्हणून मीही बाहेर जेवणार. बिल त्यांचं. लेकीच्या पैशाने खाल्लं तरी ते लेकीचंच, असं पोटकलम होतं.

आणि खरं सांगू? मजा आली. लाज वाटावी इतकी मजा आली. इतकी वर्षं पुण्यात राहून मी काय खात होते? पोळी-भाजीचा डबा. आता सकाळी उठलं की स्वयंपाकघरात जायचंच नाही! फाट्यावरच्या गाडीवर वाफाळते पोहे, वर रस्सा घालून, उभ्याने. नवरा खडकीला जाता जाता आमच्यात घुसायचा आणि जाताना आणखी एक प्लेट "ऑफिसला कोणाला तरी" म्हणून बांधून न्यायचा. ऑफिसात ती कोणाला मिळाली, देव जाणे.

दुपारी पेठेतली खाणावळ. भिंतीवर पाटी: "पोळी मऊ आहे. दात नसल्याची सबब सांगू नये." खाली दुसरी: "ताटात टाकायचे असल्यास ते काम आपल्या घरी करावे." मालक गल्ल्यावरून न बघताच म्हणाला, "किती जण?"

"दोघं."

"मग चौघांचं टेबल का अडवलंय?"

मी तोंड उघडणार तोच अण्णांनी माझा हात दाबला. त्यांचा चेहरा नुसता खुलला होता. "काय मानूस हाय! ह्यो कंडाक्टर पाह्यजे व्हता माज्या गाडीवर." आम्ही मुकाट्याने दोघांच्या टेबलावर गेलो. आमटी अशी होती की मालकाचे सात खून माफ. अण्णांनी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मालक स्वतः वाटी घेऊन आला आणि म्हणाला, "आवडली असं तोंडाने सांगायची पद्धत असते." मी सांगते, त्या दिवसापासून त्या दोघांची जी गट्टी जमली, ती एकमेकांचा अपमान करण्यावर.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि अण्णांना काळा गॉगल मिळाला. पांढरा पायजमा, टोपी आणि गॉगल. डॉक्टरने बजावलं होतं, डोळ्याला अजिबात पाणी लागू द्यायचं नाही. आता ह्यात मिसळीचा विचार मी करायला हवा होता. नाही केला. झणझणीत रश्श्याचा दुसरा भुरका आणि गॉगलखालून धारा लागल्या. मी किंचाळले, "अण्णा, रडायचं नाही! सांगितलंय ना, रडायचं नाही म्हणून!" अख्खं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला. "खा हो काका शांतपणे. सुना मेल्या अशाच असतात."

"लेक हाय माजी," अण्णा नाक पुसत म्हणाले.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं की मी ते पाव न संपवताच उठले.

मंडईत तर आम्ही रोज जायला लागलो, काही घ्यायचं नसताना. कारण अण्णांचा नवा डोळा. वर्षानुवर्षं सगळं मळकट पिवळं बघितलेल्या माणसाला एकदम रंग दिसायला लागले. "आगं, वांगी एवढी जांभळी असत्यात?" गॉगल कपाळावर, एक वांगं हातात, मग दुसरं, मग मिरच्या, मग लिंबं. टोमॅटोच्या ढिगापुढे ते देवापुढे उभं राहावं तसे उभे. भाजीवाली शेवटी वैतागली. "काका, घ्यायला आलाय का बघायला?"

"बघायला. डोळा नवीन हाय, ट्रायल घेतोय."

ती इतकी हसली की तिने एक गाजर फुकट दिलं. ते अण्णांनी तिथेच पुसून खाल्लं. लेकीचं नव्हतं ना ते.

कॅम्पात बनमस्का झाला. तंदूरमधून काढलेल्या तापलेल्या मडक्यात चहा ओतला की तो फसफसून वर येतो, तो झाला. अण्णा म्हणाले, रेडिएटर असाच उकळायचा घाटात. मार्केट यार्डात आंब्याच्या अढ्या हुंगत फिरलो. पण सगळ्यात कहर केला तो सिंहगड रोडवरच्या त्या हॉटेलाने. कोणीतरी भंगारात निघालेली जुनी बस आणून उभी केलीय आणि तिच्या आत टेबलं मांडून थाळी देतात. मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. रिक्षातून उतरले, बस दिसली आणि अण्णा थबकले. चालत गेले, टायरला लाथ मारून बघितली, बॉनेटवर हात ठेवला.

आत वेटर म्हणाला, "काका, इकडे बसा, खिडकीपाशी."

अण्णा त्याच्याकडे न बघता सरळ पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

"काका, ती सीट फोटोसाठी आहे."

"फोटोला व्हय?" अण्णांनी गॉगल सारखा केला, स्टेअरिंग धरलं, आरशात बघितलं. आरसा काढून टाकलेला होता, तरी बघितलं. मग मान वळवून अशा आवाजात ओरडले की मला माझं लहानपण आठवलं. "दारातले आत सरका! मागं जागा हाय!"

आणि दारात उभं असलेलं कॉलेजच्या मुलांचं टोळकं चक्क आत सरकलं! एकाने घंटीची दोरी समजून पडद्याची दोरी ओढली. "टिंग टिंग" तोंडानेच केलं. मग काय, सगळी गाडीच सुटली. कोणी म्हणालं "काका, स्वारगेट?" कोणी म्हणालं "गोवा!" अण्णांनी थाळी मांडीवर घेतली, एका हाताने स्टेअरिंग आणि एका हाताने पिठलं-भाकरी, आणि अख्ख्या गाडीला वळणावळणाला सांगत सुटले, "धरून बसा, घाट लागला." पोरं एका वळणाला डावीकडे झुकायची, दुसऱ्या वळणाला उजवीकडे. माझ्या ताकाचा ग्लास कलंडला. मी पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मनात एकच येत होतं: अण्णा, एवढं सगळीकडे खाता, माझ्याच घरी का नाही हो?

कारण ते होतंच. रोज होतं. आम्ही कुठेही जेवून घरी परतलो की माझा ओटा लख्ख, कोरडा. दुपारी शेजारणीकडून फोडणीचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायचे. मूल नाही ते नाही, त्याचं रडून झालं होतं. पण बापाने आपल्या हातचं खाऊ नये, हे रोज नव्याने लागायचं.

म्हणून मी क्लृप्त्या सुरू केल्या. एका संध्याकाळी भरली वांगी केली, हॉटेलच्या पार्सलचा डबा जपून ठेवला होता त्यात भरली, रबर लावलं, पिशवीला गाठ मारली आणि नवऱ्याला खाली पाठवून परत वर बोलावलं, हातात पिशवी देऊन. तो बिचारा "फारच गर्दी होती हॉटेलात" असं कोणी न विचारताच म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही, ते असं. अण्णांनी डबा उघडला. वास घेतला. पिशवी उलटी करून झटकली.

"कांदा कुठाय?"

"अं?"

"पार्सलात कांदा-लिंबाची पुडी असती. ही न्हाय." त्यांनी डबा हळूच बंद केला, चपला घातल्या आणि वडापाव खायला खाली गेले. वांगी नवऱ्याने खाल्ली, आणि छान झाली होती म्हणाला, आणि मी त्याच्यावरच ओरडले.

मग मला ती जाहिरात दिसली. खडकवासल्याच्या बाजूला कोणाच्या तरी शेतावर रविवार संध्याकाळ: चुलीवर भाकरी थापायला शिका. पैसे भरून! आयटीतली मुलंमुली येतात म्हणे. मी आधी हसले आणि मग माझं डोकं चाललं. तिथे सगळ्यांच्या भाकऱ्या एका टोपलीत ठेवतात आणि सगळे मिळून जेवतात. म्हणजे बघा: घर माझं नाही. पीठ माझं नाही. चूल, सरपण, मीठ, काही म्हणता काही माझं नाही, आणि फी अण्णांच्या खिशातली. अण्णांची सगळी कलमं पार! गणिताच्या मास्तरणीला अशी सिद्धता सुचली की ती रात्रभर खूश असते. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन तोवर होऊन गेलं होतं, डॉक्टरने हिंडा-फिरायला मोकळीक दिली होती, आणि गावी जायला चारच दिवस उरले होते. मी अण्णांना आणि नवऱ्याला, दोघांनाही घेऊन गेले.

काय तो गोंधळ! एकीने पिठात इतकं पाणी घातलं की भाकरीऐवजी खळ झाली. एक मुलगा भाकरी तव्यावर टाकायला गेला आणि ती त्याच्या मनगटावरच बसली. "ब्रो, हेल्प!" नवऱ्याच्या भाकरीला मधोमध भोक. धुराने सगळे खोकतायत, हसतायत, एकमेकांचे व्हिडिओ काढतायत. अण्णा खाटेवर बसून पंचाची कामगिरी करत होते. "आगं, थापायची. कुरवाळायची न्हाय." मीही थापली. मनगटापासून, गरागरा फिरवत. टम्म फुगली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ती टोपलीत ठेवली आणि छाती इतकी धडधडत होती की दहावीच्या निकालालाही धडधडली नव्हती.

जेवायला बसलो. टोपली फिरली. अण्णांनी हात घातला. मनगटावरची भाकरी घेतली. मग भोकाची घेतली. एक तर निम्मी कच्ची होती, तीही घेतली. माझी भाकरी त्यांनी उचलली, जरा बघितली, आणि टोपलीत परत ठेवून टोपली पुढे सरकवली. शेजारच्या मुलीने ती घेतली. "ताई, कसली सॉफ्ट आहे ही!"

मी उठले. पाण्याच्या बाजूला बांध होता तिथवर गेले. अण्णा मागून आले, आणि मग माझं तोंड सुटलं.

"घर माझं नव्हतं, अण्णा! पीठ माझं नव्हतं! चूल माझी नव्हती! मग काय नडलं? हात? माझा हात नडला तुम्हाला? त्या पोराची कच्ची भाकरी चालते, आणि मी काय... मी काय विटाळ आहे का?"

अण्णांनी गॉगल काढला.

"गॉगल घाला आधी! धूर आहे!" मी ओरडले. राग राग, पण डोळे त्यांचे आहेत ना.

त्यांनी घातला. धरणाकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "तुज्या हातचं खाल्लं की संपलं."

"काय संपलं?"

"वाट बघनं." "म्या जेवलो म्हंजे म्या म्हनलं, हिला आता काय व्हत न्हाय. समद्यांनी म्हनावं. डाक्टरनं म्हनावं. बापानं बी म्हनायचं व्हय?"

वीस वर्षं मी समजत होते की ही मला शिक्षा आहे. आणि हा माणूस स्टँडवर वडापाव खाऊन माझी आशा सांभाळत बसलेला!

"अण्णा," मी म्हणाले, "आम्ही केव्हाच थांबलोय वाट बघायची. दोघंही. रडून झालं, भांडून झालं, सगळं झालं. मी सुखात आहे हो. शाळा आहे, हा आहे, पुणं आहे. आता दुखतं ते एवढंच, तुम्ही जेवत नाही तेवढं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. परत येताना रिक्षात नवऱ्याच्या मांडीवर उरलेल्या भाकऱ्यांची पुडी होती, तीही त्याने उघडली नाही.

घरी आल्यावर मी पंखा लावला, पाणी दिलं. अण्णा पाणी प्यायले आणि उठले. मला वाटलं, झोपायला निघाले. ते स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजला पाठ टेकून खाली बसले, मांडी घालून.

"भूक लागलीय," ते म्हणाले. "वाढ."

अहो, काय वाढू? त्या दिवसासाठी माझ्या डोक्यात बेत तयार होता: पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, अळूची वडी. वर्षानुवर्षं त्यात पदार्थ वाढतच होते. आणि घरात काय? महिनाभर बाहेर खाऊन फ्रिजमध्ये लोणच्याची बरणी आणि अर्धं सुकलेलं लिंबू! "थांबा, थांबा हं, हे पटकन जाऊन भाजी आणतील, मी डाळ शिजत टाकते, पुरण..."

"पुरन कुठं घालतीस आता. हाय ते वाढ."

तांदूळ होते, मूठभर मुगाची डाळ होती. खिचडी टाकली. आणि इतकी वर्षं रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईने त्या दिवशी ती करपवली! बोलत राहिले ना मी. हे सांग, ते सांग, हसतेय काय, नाक पुसतेय काय. वास सुटला तेव्हा कळलं. "अण्णा, करपली हो."

"करपली तर करपली. आन."

त्यांनी कालवली, पहिला घास घेतला. मी आणि नवरा त्यांच्यापुढे उकिडवे बसून बघत होतो. दुसरा घास घेतला. पुन्हा वाढून घेतली. उरलेली मी आमच्या दोघांच्या ताटांत काढली. शेवटी पातेलं पुढे ओढून तळाची काळी खरवडसुद्धा चमच्याने खरडून काढली आणि कुरकुर खाल्ली. मग हात धुतला आणि आपली पिशवी घेऊन आले. तळातून धोतराच्या फडक्याची एक गुंडाळी काढली. आत चांदीची वाटी होती, बाळाला पहिला घास भरवतात ती, एवढीशी.

"तुज्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतली. नातवंडाच्या पयल्या घासाला," ते म्हणाले. "दर खेपंला आनायचो. न जानो."

आणायचे आणि परत न्यायचे. मला वीस वर्षांत त्याचा पत्ता नव्हता.

अण्णांनी ती माझ्यापुढे ठेवली. माझ्या ताटातली खिचडी चिमटीने उचलून तिच्यात घातली. "घे," म्हणाले. "तूच खा."

मी खाल्ली. एवढीशी वाटी ती, दोन घासांत संपली. मी रिकामी वाटी त्यांच्यापुढे धरली, आणि त्यांनी ती पुन्हा भरली.